फासाचं झाड : झाक कालोच्या एका तांब्याच्या पत्र्याचा प्रकरण अभ्यास

पत्रा उंचीला साधारण ८ सेंटिमीटर, रुंदीला साडेअठरा. आपल्या पाचशेच्या नोटेपेक्षा थोडाच मोठा. त्यात एक मोठं झाड, फांद्यांना टांगलेली वीसहून अधिक माणसं, खोडाला लावलेली शिडी, शिडीवर गळ्यात दोर अडकवलेला पुढचा माणूस आणि त्याच्यासमोर क्रूस धरलेला धर्मगुरू. खाली ढोलाच्या पाठीवर फासे टाकणारे दोघे. भोवती भाल्यांचं रान उभं करून थांबलेली फौज, मागे तंबू. टांगलेला प्रत्येक जण जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरचा.

हे चित्र १६३३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. काढणारा झाक कालो, लोरेन या ड्यूकच्या स्वतंत्र राज्याची राजधानी नान्सी इथला. प्रकाशक त्याचा लहानपणापासूनचा मित्र इस्राएल आंरिए. ‘युद्धाची दैन्यं आणि दुर्दशा’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली निघालेल्या १८ मुद्राचित्रांतलं हे अकरावं. मालिका ‘मोठी दैन्यं’ म्हणून ओळखली जाते, कारण कालोची याच विषयावरची आणखी एक छोटी मालिकाही आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६३६ मध्ये बाहेर आली.

युद्धाच्या क्रौर्यावरचा लेख, पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धावरचा (१६१८ ते १६४८) धडा असला की हेच चित्र येतं. बहुतेक वेळा ते एकटंच असतं. खालच्या कवितेच्या ओळी कापलेल्या असतात आणि चित्र मूळ आकाराच्या तीन-चार पट फुगवलेलं असतं. मग वाचक म्हणतो, सैनिकांनी गावकऱ्यांना फासावर दिलं. चित्रात मात्र फासावर आहेत ते सैनिक, आणि त्यांना टांगलंय त्यांच्याच फौजेने. हा घोटाळा नेमका कशामुळे होतो आणि तो टाळायला पत्र्यावर काय बघायचं, हा या टिपणाचा विषय. उत्तराचा अर्धा भाग इतिहासात सापडतो आणि अर्धा तंत्रात. तंत्राचा भाग सहसा कुणी सांगत नाही, म्हणून आधी तो घेऊ.

पत्रा कसा घडला

हे चित्र एचिंग पद्धतीने केलेलं आहे. एचिंगचं मूळ तत्त्व सोपं आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा लेप द्यायचा. सुईने लेप खरवडून रेघा काढायच्या. मग पत्र्यावर आम्ल सोडायचं. जिथे तांबं उघडं पडलंय तिथेच ते खातं. लेप काढून टाकला की खाचा उरतात. त्यांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचं. कोरणीने थेट धातू कोरण्यापेक्षा हात मोकळा चालतो, हा एचिंगचा मोठा फायदा. कालोच्या आधीच्या एचिंगांचा तोटाही त्याच मोकळेपणात होता. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, मऊ, काहीशी लोंबती यायची. कोरणीची रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा टोकदार संपते. तो डौल एचिंगला नव्हता.

कालोने तीन गोष्टी बदलल्या. त्या तिन्ही एकमेकींवर उभ्या आहेत. एक काढून घेतली तर बाकीच्या दोन लंगड्या पडतात.

पहिली गोष्ट लेपाची. तेव्हाचा नेहमीचा लेप मेणाचा, म्हणजे मऊ. मऊ लेपात दोन रेघा फार जवळ घेतल्या किंवा एकमेकींवरून आडव्या नेल्या की मधला चिमुकला तुकडा सुटून येतो. तिथे आम्ल घुसलं की दोन रेघांच्या जागी काळा डाग. सेंटिमीटरभराच्या माणसाचा चेहरा, टोपी आणि बूट काढायचे असतील तर मेणाचा लेप साथ देत नाही. कालो फ्लॉरेन्समध्ये मेदिची या तिथल्या राज्यकर्त्या घराण्याच्या दरबारात कामाला होता. तिथे त्याने ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरतात तसं कडक व्हार्निश लेप म्हणून घ्यायला सुरुवात केली. आब्राम बॉस या फ्रेंच मुद्राकाराने १६४५ मध्ये एचिंगवर जो ग्रंथ छापला, त्यात कडक लेपाची पद्धत सविस्तर आहे आणि ती परिपूर्ण करण्याचं श्रेय कालोला दिलेलं आहे. पुढच्या शतकातल्या वाढवलेल्या आवृत्तीत कालोच्या नावावर ‘फ्लॉरेन्सचं व्हार्निश’ येतं. पाव पौंड स्वच्छ जवसाचं तेल तापवायचं, त्यात तेवढीच रूमी मस्तकीची पूड घालून विरघळू द्यायची आणि फडक्यातून गाळून घ्यायची. जुन्या फ्रेंच मापाने पाव पौंड म्हणजे सुमारे १२० ग्रॅम.

हा लेप नुसता फासून भागत नाही, तो भाजावा लागतो. पत्रा तापवून लेपाचे ठिपके द्यायचे, तळहाताने थोपटून पातळ आणि एकसारखे पसरायचे. मग पत्रा उलटा टांगून खाली चरबीच्या मेणबत्त्या फिरवायच्या म्हणजे लेप काजळीने काळा होतो. काळ्यावर सुईची तांबूस रेघ उठून दिसते. त्यानंतर निखाऱ्यांवर धरून लेप पक्का करायचा. कधी थांबायचं? लेपातून धूर निघायचा बंद होत आला की लाकडाच्या बारीक काडीने कडेला टोचून बघायचं. लेप काडीला चिकटून निघाला तर कच्चा. जास्त भाजला तर ठिसूळ होतो आणि सुईखाली कपच्या उडतात. धुळीचा एक कण लेपात बसला तरी तिथे पुढे आम्लाचा ठिपका पडतो. म्हणून हे काम बंद खोलीत, झाडलोट आदल्या दिवशी करून ठेवून करायचं. घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी एवढंच : तापलेलं तेल आणि राळ फार लवकर पेटतात. आज ही भानगड करायची गरज नाही, ट्यूबमधला तयार लेप मिळतो.

दुसरी गोष्ट हत्याराची. एशॉप म्हणजे लाकडी मुठीत बसवलेली जाड सुई, जिचं टोक दगडावर तिरकं घासलेलं असतं. तिरकं घासल्यामुळे टोकाशी लंबगोल पातं तयार होतं. सुरुवातीला नुसती टेकवायची, पुढे नेताना दाबायची, शेवटी उचलत न्यायची. दाबताना बोटांत किंचित फिरवली की पात्याची रुंद बाजू लागते आणि रेघ फुगते. कोरणीचा डौल एचिंगमध्ये आला तो असा. मऊ लेपावर एशॉप चालवली तर कड फाटते. कडक लेपावर ती स्वच्छ कापते, म्हणून कडक लेप आधी.

शिकाऊ हात इथे एक हमखास चूक करतो. दाब सुरुवातीलाच पडतो आणि रेघेचं डोकं बोथट होतं. दहापट भिंगातून चांगला ठसा, म्हणजे पत्र्यावरून छापलेला कागद, पाहिला तर कालोच्या पुढच्या ओळीतल्या सैनिकांच्या पोटऱ्यांवर या फुगणाऱ्या रेघा दिसतात. वळणाला चार-सहा रेघा पुरतात. जाळीदार आडव्या-उभ्या छटा तो लहान आकृत्यांवर फारशा टाकत नाही, समांतर रेघांवरच भागवतो. त्यामुळे आकृती कितीही लहान असली तरी काळी गिचमिड होत नाही.

तिसरी गोष्ट आम्लाची, आणि आपल्या प्रकरणाला सगळ्यात महत्त्वाची तीच. शुद्ध नायट्रिक कडक लेपाला सोसत नाही, तो उचलला जातो. बॉस कडक लेपासाठी वेगळं हिरवट पाणी सांगतो : ३ पिंट पांढरं व्हिनेगर, ६ औंस नवसागर, ६ औंस साधं मीठ, ४ औंस जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज). पॅरिसची जुनी पिंट लिटरला थोडी कमी, औंस सुमारे ३० ग्रॅम. झाकलेल्या भांड्यात उकळ्या आणून गार करायचं. यात तांबं खाण्याचं खरं काम करतात ती तांब्याची क्लोराइडं, म्हणून ते बुडबुडे न काढता सावकाश आणि सरळ खाली खात जातं. आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत जस्तावर नायट्रिक वापरलेल्यांना फरक लगेच कळेल. नायट्रिकमध्ये रेघेवर बुडबुडे बसतात, पिसाने सारखे हटवावे लागतात आणि रेघेच्या कडा खालून कुरतडल्या जातात. आज तांब्यावर फेरिक क्लोराइड वापरलं तर बॉसच्या पाण्याच्या जवळ जाणारी स्वच्छ रेघ मिळते.

हे पाणी बॉसच्या पद्धतीत पत्रा बुडवून नव्हे, तर ओतून वापरतात. पत्रा तिरप्या फळीवर टेकवायचा, वरून लोट्याने पाणी सोडायचं, खाली द्रोणात जमलेलं पुन्हा वर ओतायचं. मधूनमधून पत्रा फिरवायचा, नाहीतर एकाच दिशेच्या रेघा जास्त खोल होतात.

आणि मग थांबायचं. पहिल्या थोड्या वेळात सगळ्याच रेघा हलक्या खाल्ल्या गेल्यात. पत्रा पाण्याने धुऊन कोरडा करायचा. ज्या रेघा हलक्याच राहायला हव्यात, म्हणजे लांबचे तंबू, टेकड्या आणि मागची फौज, त्यांवर तेल आणि चरबी तापवून केलेलं मिश्रण कुंचल्याने लावायचं. आम्ल आता तिथे पोचत नाही. पुन्हा ओतायचं. मग मधला भाग झाकायचा. पुन्हा ओतायचं. शेवटी फक्त पुढच्या आकृत्या उघड्या. जितके टप्पे तितक्या काळ्या रंगाच्या पायऱ्या. झाकण्याची कल्पना कालोने शोधलेली नाही, पण दूरवर पसरलेल्या दृश्याची हवा तयार करायला तिचा इतका शिस्तीत वापर त्याच्याआधी क्वचितच झाला असेल.

इथे बिघडतं ते सीमारेषेवर. कुंचला थोडा इकडे-तिकडे गेला तर एकाच माणसाचा पाय काळा आणि धड फिकं निघतं. तेल नीट कोरड्या न झालेल्या पत्र्यावर लावलं तर आम्ल खालून शिरतं. आणि गरम दिवशी पाणी भराभर खातं. कालच्या वेळेवर आज विसंबता येत नाही. कडक लेपाचा फायदा हाही की काम महिनाभर खोळंबलं तरी लेप टिकतो, रेखाटन आणि आम्ल यांची घाई नसते.

अकराव्या पत्र्यावर या पायऱ्या सहज मोजता येतात. सगळ्यात मागची फौज आणि तंबू फिकट, केसासारख्या रेघांत. झाड आणि त्यावरचे देह मधल्या काळेपणात. अगदी पुढे, चौकटीच्या खालच्या कडेला असलेली माणसं गडद आणि फुगत्या रेघांची. म्हणजे चित्रातली सगळ्यात ठळक जागा मेलेल्यांना दिलेलीच नाही. ती त्यांच्या आसपास वावरणाऱ्या जिवंत माणसांना दिली आहे. फासावरच्या देहांना मधला सूर मिळाला, आणि याचमुळे प्रेक्षकाला ते आधी झाड म्हणून दिसतात, क्षणभराने माणसं म्हणून. खालच्या कवितेत त्यांना ‘झाडाला लागलेली अभागी फळं’ म्हटलंय. ते रूपक कवीने आणलं असेल, पण त्याची तयारी आम्लाने आधीच करून ठेवली होती.

जवळून

शिडीपाशी थांबू. एक माणूस वर आहे, दोर त्याच्या गळ्यात. धर्मगुरू शिडीवर खालच्या बाजूने क्रूस उंचावून धरतो, म्हणजे डोळे मिटण्याआधी शेवटचं तेच दिसावं. त्या काळी शिडीवरून ढकलून देणं हीच फाशीची रीत होती. पायाखालची फळी खाली सोडणारा खटका नंतरचा. शिडीवरून ढकललेल्या माणसाची मान बहुधा मोडत नसे, तो गुदमरून मरत असे आणि त्याला बराच वेळ लागे. कालो हे दाखवत नाही. त्याच्या झाडावरचे देह निश्चल, ओळंब्यासारखे सरळ लोंबतात. एकेकट्या देहावर रेंगाळायला जागाच नाही. सेंटिमीटरभरात वेदना काढता येत नाही, संख्या काढता येते. त्याने संख्या काढली.

खाली आणखी एक धर्मगुरू पाळीत असलेल्या एकाचा कबुलीजबाब ऐकतोय. म्हणजे ओळ लागलेली आहे. एक झाडावर, एक शिडीवर, एक धर्मगुरूपुढे. कारखान्यात वस्तू टप्प्याटप्प्याने पुढे सरकावी तसं.

ढोलावरच्या फाशांवर दोन वाचनं आहेत आणि दोन्हींना आधार आहे. एक : हे दोषी ठरलेले आहेत आणि फाशांवर ठरतंय कोण लटकणार, कोण सुटणार. लष्करात असं खरंच होत असे. १६२५ मध्ये अप्पर ऑस्ट्रियातल्या फ्रांकेनबुर्ग इथे बंड केलेल्या भागातल्या माणसांना जोडीजोडीने फासे टाकायला लावले आणि हरलेल्यांना फाशी दिली. ढोल हे रणांगणावरचं तयार मेज, त्यावर फासे टाकण्याचे प्रसंग त्या काळच्या सैनिकी जीवनात भरपूर. दुसरं : हे शिपाई मेलेल्यांच्या कपड्यांसाठी खेळताहेत. ख्रिस्ताला क्रुसावर चढवल्यावर शिपायांनी त्याच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या, हा प्रसंग तेव्हाच्या प्रत्येक प्रेक्षकाला पाठ होता. झाडावरच्या चोरांखाली तोच खेळ दाखवायचा म्हणजे प्रेक्षकाच्या मनात एक अवघड आठवण मुद्दाम ढवळायची. फासे एवढे बारीक आहेत की कालोने त्यांचं उत्तर दिलेलंच नाही. भिंगातून बघूनही दोघांच्या अंगावरून ‘दोषी’ की ‘शिपाई’ हे पक्कं ठरवता येत नाही, आणि ठरवल्याचं भासवणाऱ्या लेखांवर थोडा संशय ठेवावा.

भाल्यांच्या रांगा बघाव्यात. एकेक रेघ म्हणजे एकेक भाला, सगळ्या जवळजवळ समांतर. फौज चौकोनात उभी आहे, गर्दी केलेली नाही. कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. फ्लॉरेन्समध्ये कालो जुलिओ पारिजी या दरबारी नेपथ्यकाराच्या हाताखाली शिकला होता. मेदिची घराण्याचे मेळे, मिरवणुकी, रंगमंच यांची चित्रं त्याने काढली होती. १६२० च्या इंप्रुनेताच्या जत्रेच्या एका पत्र्यात त्याने हजाराहून अधिक माणसं कोंबली आहेत. रंगमंचाचे जे नियम तिथे, तेच इथे : दोन्ही बाजूंना गडद आकृत्यांचे पडदे, मध्ये मोकळं पटांगण, मागे फिका पडदा. जत्रा काढणाऱ्या हाताने फासावरची सभा काढली, आणि दोन्ही तितक्याच नीटस आल्या. आपल्याला हे चित्र अंगावर येतं ते याच नीटसपणामुळे.

अकरावा क्रमांक का महत्त्वाचा

शितावरून भाताची परीक्षा इथे फसते. मालिकेचा क्रम असा : पहिलं शीर्षकाचं पान. दुसऱ्यात भरती, पगार मोजून घेणारे शिपाई. तिसऱ्यात लढाई. चौथ्यापासून आठव्यापर्यंत पाच पानं लुटालुटीची : खाणावळ, शेतघर, मठ, गाव, वाटेवरची घोडागाडी. पाचव्यात शेतघराच्या चुलीवर एका माणसाला उलटं टांगलंय. नवव्यात लुटारू पकडले जातात. दहावं ते चौदावं शिक्षांची पाच पानं : दोराने उंच खेचून खाली सोडणं, फाशी, गोळ्या घालणं, जाळणं, चाकावर हाडं मोडणं. पंधराव्यात जखमी शिपायांचं इस्पितळ. सोळाव्यात वाटेवर भीक मागणारे, मरणारे शिपाई. सतराव्यात शेतकरी शिपायांना गाठून मारताहेत. अठराव्यात राजा चांगल्या शिपायांना बक्षिसं वाटतोय.

पाच पानं गुन्ह्यांची, पाच पानं शिक्षांची. हे पारडं जाणूनबुजून तोललेलं आहे. पाचव्या पानावर ज्यांनी शेतकऱ्याला चुलीवर टांगलं, त्याच जातीची माणसं अकराव्यावर झाडाला टांगलेली आहेत. खालच्या सहा ओळींच्या फ्रेंच कवितेचा आशय तोच : हे बदनाम चोर अखेर झाडावर लटकले, गुन्हा स्वतःच लाजेचं आणि सूडाचं हत्यार बनतो, दुर्जनांना आज ना उद्या स्वर्गाचा न्याय भोगावा लागतो. ही पद्यं मिशेल द मारोल या मठाधिपतीची मानली जातात. मारोल स्वतः मुद्राचित्रांचा मोठा संग्राहक होता.

एवढ्यावरून ‘हे युद्धविरोधी चित्र नाही, लष्करी शिस्तीचा पुरस्कार आहे’ असं म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. शीर्षकपानावर कालो स्वतःला ‘लोरेनचा सरदार’ म्हणवतो, पण प्रकाशन पॅरिसचं आणि फ्रान्सच्या राजाच्या परवान्याने. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तेराव्या लुईच्या सैन्यापुढे नान्सी शरण गेली. राजाविरुद्ध आक्रोश करणारी मालिका राजाच्याच परवान्याने निघाली, असं मानणं जड जातं. मालिकेत नान्सीच्या वेढ्याचं एकही दृश्य नाही. कुठल्याच फौजेचा झेंडा ओळखू येत नाही. कालोने त्याआधी ब्रेडाच्या वेढ्याचं मोठं दृश्य स्पेनच्या बाजूसाठी आणि ला रोशेलच्या वेढ्याचं फ्रान्सच्या राजासाठी काढलं होतं. दोन्ही बाजूंचं काम घेणारा, युद्धाचं तंत्र बारकाईने जाणणारा हा माणूस. १६३४ च्या सुमाराच्या त्याच्या दुसऱ्या एका पत्र्यावर शहराच्या चौकात एकाच वेळी सगळ्या प्रकारच्या शिक्षा चालल्या आहेत आणि त्याचं लॅटिन शीर्षक म्हणतं, शिक्षा हा गुन्ह्याचा लगाम.

अंगठ्याची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते : लुईने नान्सीच्या पाडावाचं चित्र मागितलं तेव्हा कालो म्हणाला, माझ्या राजाविरुद्ध, म्हणजे लोरेनच्या ड्यूकविरुद्ध, काही काढण्यापेक्षा अंगठा तोडून घेईन. ती आंद्रे फेलिबियाँ या फ्रेंच कलालेखकाने कालोच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहिली. खरी असेलही, पण ती वेढ्याच्या चित्राबद्दल आहे. ‘दैन्यां’चा पुरावा म्हणून ती वापरणं ही सरळ चूक आहे.

मग प्रश्न मिटला का? आमच्या मते नाही, आणि अडचण कवितेत नसून पत्र्यातच आहे. शिस्तीचा धडाच द्यायचा होता तर शिक्षेनंतरची पानं तशी का? पंधराव्या-सोळाव्या पानावर शिक्षा झालेले नव्हे, नुसते लढून लुळे-पांगळे झालेले शिपाई आहेत. त्यांनी काय गुन्हा केला? सतराव्यावर शेतकरी शिपायांना मारताहेत ते कुठल्या हुकमाने? अठराव्यावरचा बक्षीस-समारंभ एका पानात उरकलेला आहे. पाच पानांच्या लुटीला आणि पाच पानांच्या शिक्षेला एक पान बक्षीस. पारडं तोललं आहे खरं, पण नाणी कमी पडलीत.

दुसरं, खुद्द अकराव्यावर गुन्हेगाराला गुन्हेगार म्हणून ओळखू येईल अशी एकही खूण नाही. लुटीचा माल त्यांच्या गळ्यात लटकवलेला नाही, फलक नाही. कविता कापली की माणसं निष्पाप वाटायला लागतात, कारण चित्राने त्यांना दोषी ठरवायचं काम कवितेवर सोडलं आहे. म्हणूनच पुस्तकांतल्या कापलेल्या आवृत्त्या वाचकाला चुकीच्या वाटेवर नेतात. आणि म्हणूनच ती चूक सर्वस्वी मूर्खपणाची नाही.

मालिकेचे अगदी सुरुवातीचे ठसे कवितेशिवाय छापलेले आहेत. म्हणजे कालोचा पत्रा काही काळ शब्दांविना होता. ओळी नंतर त्याच पत्र्याच्या तळाशी कोरल्या गेल्या. अक्षरं कोरणारा हात बहुधा वेगळाच असे. लेखनकोरणी हा तेव्हा स्वतंत्र धंदा होता.

ठसा बघताना

हे चित्र अभ्यासायचं तर आधी आकार सांभाळा. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर उत्तम प्रतिमा आहेत. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्यूझियम, लंडनचं ब्रिटिश म्यूझियम. पण मॉनिटरवर चित्र फुटभर पसरलं की ते भित्तिचित्र होतं आणि कालोचा हिशेबच मोडतो. एक साधा उपाय : साडेअठरा सेंटिमीटर रुंदीचा छापील नमुना काढा, हातात धरून बघा, मग भिंग घ्या. आधी झाड, मग फळं, मग माणसं हा क्रम त्या आकारातच अनुभवाला येतो. मूळ प्रेक्षक ही पानं मांडीवरच्या बांधीव संग्रहात, अठरा एकामागून एक बघत होते.

नकला पुष्कळ निघाल्या. काही उलट्या आहेत, कारण नक्कल करणाऱ्याने छापील ठसा पुढ्यात ठेवून तसाच्या तसा नव्या पत्र्यावर उतरवला, आणि छापताना डावं-उजवं फिरलं. संग्रहालयातल्या प्रतिमेशेजारी ठेवून शिडीची बाजू ताडून बघितली की अशी उलटी नक्कल लगेच पकडली जाते. सरळ बाजूच्या नकलांत भिंग लागतं. मूळ रेघ फुगते आणि निमुळती होते. नकलेतली रेघ सगळीकडे सारखी असते आणि भाल्यांच्या रांगेत हात अडखळल्याचं दिसतं. तळाच्या ओळी असणं किंवा नसणं एवढ्यावर निर्णय करू नये. बऱ्याच ठशांच्या कडा कुणीतरी कात्रीने छाटलेल्या असतात आणि कविता तिथेच जाते. पत्र्याच्या कडेने कागदावर उमटलेला दाब चारही बाजूंना शिल्लक आहे का ते आधी बघावं. तो नसेल तर ‘कवितेपूर्वीचा दुर्मीळ ठसा’ हा विक्रेत्याचा दावा बाजूला ठेवावा.

सगळ्यात जास्त फसवते ती झीज. कालोचे पत्रे आंरिएकडे होते, त्याच्यानंतर त्याचा भाचा इस्राएल सिल्व्हेस्त्रकडे गेले, आणि छापत राहिले. कालोचे तीनशेहून अधिक मूळ पत्रे आज नान्सीच्या लोरेन संग्रहालयात आहेत. तांबं मऊ असतं. दर ठशाला शाई पुसताना आणि दाबयंत्राखाली ते थोडं थोडं झिजतं. आधी जातात त्या सगळ्यात उथळ रेघा, म्हणजे ज्या पहिल्याच टप्प्यात झाकल्या होत्या त्या. अकराव्या पत्र्यावर त्या रेघा म्हणजे तंबू, लांबच्या टेकड्या आणि मागची फौज. झिजलेल्या पत्र्याच्या ठशात शिक्षा देणारी व्यवस्था अशी हळूहळू पुसली जाते. उरतं ते मोकळ्या पांढऱ्या जागेतलं झाड, त्यावरचे देह, शिडी आणि पुढच्या गडद आकृत्या. कागदावर फौज असते तेव्हा ती फाशी दिसते. फौज गेली की तो नुसता एक खून दिसतो. जुन्या पुस्तकांत या चित्राची छपाई बघताना तो मूळ ठसा लवकरचा होता की उशिराचा, एवढं एकदा विचारून घ्यावं. उत्तरासाठी झाडामागे, फांद्यांच्या खालच्या रेषेत बघावं : भाल्यांच्या टोकांची ओळ अखंड आहे की मधेमधे तुटलेली.